गोळीचा वेग मोजणारा माणूस

तमिळनाडूत कडलूरजवळ, देवनामपट्टिनम येथे समुद्रकाठी एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. १६९० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने हा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला आणि त्याचे नाव फोर्ट सेंट डेव्हिड ठेवले. किल्ल्याबरोबर भोवतालची किती जमीन मिळणार, हे ठरवण्याची रीत मात्र अजब होती. किल्ल्यावरून चहूबाजूंना तोफ डागायची आणि गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची गावे कंपनीची! त्या गावांना पुढे तमिळमध्ये ‘गोळ्याची गावे’ अशा अर्थाचे नाव पडले.

साठ वर्षांनी, जुलै १७५० मध्ये, एक इंग्रज गृहस्थ या किल्ल्यात उतरले. तोफेचा गोळा किती दूर जातो आणि तो तेवढाच का जातो, याचा त्यांच्याइतका खोल अभ्यास केलेली माणसे त्या काळात जगात फार थोडी होती. त्यांचे नाव बेंजामिन रॉबिन्स. बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग विश्वासार्ह रीतीने मोजून दाखवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज नेमबाजीच्या मैदानावर गोळीचा वेग सांगणारा क्रोनोग्राफ दिसतो. त्या यंत्राची वंशावळ शोधत मागे गेले, की आपण रॉबिन्स यांच्यापाशी पोहोचतो. किल्ल्यात आल्यावर सुमारे वर्षभराने ते तापाने वारले. त्यांच्या आयुष्याची ही हकिगत.

रॉबिन्स यांचा जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात, एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. वडील शिंपीकाम करत. क्वेकर हा युद्ध आणि शस्त्रे यांपासून दूर राहणारा पंथ. मुलाला गणिताची उपजत आवड होती, पण विद्यापीठात पाठवण्याची ऐपत नव्हती. त्याचे काही कागद लंडनमधील डॉ. हेन्री पेम्बर्टन यांच्या नजरेला पडले. पेम्बर्टन हे पेशाने वैद्य. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची तिसरी आवृत्ती संपादित करण्याचे काम न्यूटननी त्यांच्यावर सोपवले होते. त्यांनी या मुलाची कुवत ओळखली आणि त्याला लंडनला येण्याचे बळ दिले. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, १७२७ मध्ये, रॉबिन्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पोटासाठी ते गणिताच्या शिकवण्या घेत. पण एका जागी बसून शिकवणे त्यांना फार मानवले नाही. पूल, गिरण्या, बंदरे, दलदलीतून पाणी काढण्याची कामे अशा अभियंत्याच्या उद्योगांकडे ते वळले. न्यूटनच्या कलनशास्त्रावर बिशप बर्कली यांनी टीका केली, तेव्हा १७३५ मध्ये रॉबिन्स यांनी त्याला पुस्तकाने उत्तर दिले. पंतप्रधान वॉलपोल यांच्या धोरणावर टीका करणाऱ्या पुस्तिकाही त्यांनी लिहिल्या. १७४१ मध्ये वूलिच येथे लष्करी अकादमी सुरू झाली. तिथे दुर्गबांधणीच्या प्राध्यापकाची जागा मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. ती दुसऱ्याला मिळाली. व्याख्यानांसाठी केलेली तयारी मात्र वाया गेली नाही. १७४२ मध्ये तिचेच पुस्तक झाले. तोफा-बंदुकांच्या शास्त्राची नवी तत्त्वे मांडणारे हे पुस्तक आकाराने लहान असले, तरी त्याने युरोपातली समजूत बदलून टाकली.

ती समजूत काय होती? गॅलिलिओने दाखवून दिले होते, की फेकलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडून दिला तर, परवलयाच्या वाटेने जाते. तोपच्यांचे तक्ते याच हिशेबावर बेतलेले असत. हवा इतकी विरळ आणि लोखंडी गोळा इतका जड. मग हवा त्याला काय अडवणार, असे बड्या बड्या विद्वानांनाही वाटत होते. हे खरे की खोटे, ते ठरवायचे तर गोळीचा वेग कळायला हवा. गोळी डोळ्याला दिसत नाही आणि त्या काळच्या घड्याळांना सेकंदाचा हजारावा भाग पकडता येत नव्हता. त्यामुळे सगळा कारभार अंदाजावर चालला होता.

रॉबिन्स यांनी गोळीच्या मागे न धावता गोळीलाच मंद केले. लोखंडी दांड्याला जाड लाकडी फळा बसवून त्यांनी एक मोठा लंबक टांगला. त्याचे वजन होते सुमारे ५६ पौंड. गोळी फक्त एक बारांश पौंडाची, म्हणजे ३८ ग्रॅमच्या आसपास. गोळी फळ्यात रुतली, की तिचा संवेग लंबकाला मिळतो आणि लंबक मागे झुलतो. लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत बांधलेली असे. लंबक जितका मागे जाईल तितकी फीत ओढली जाई. ती मोजली की लंबकाचा झोका कळला, झोक्यावरून लंबकाचा वेग कळला आणि दोन्ही वजनांच्या हिशेबाने गोळीचा वेग निघाला. पुस्तकात दिलेल्या उदाहरणात लंबकाचा वेग निघाला सेकंदाला सव्वातीन फूट. त्या मांडणीत गोळीचा वेग त्याच्या ५०५ पट, म्हणजे सेकंदाला १,६४१ फूट, आजच्या भाषेत सुमारे ५०० मीटर. घड्याळाने पकडता न येणारी गोष्ट फीत आणि तराजूने पकडली गेली.

मग त्यांनी तोच लंबक बंदुकीपासून कमी-जास्त अंतरावर ठेवून गोळ्या झाडल्या. जवळ मोजलेला वेग आणि लांब मोजलेला वेग यांतला फरक म्हणजे हवेने खाल्लेला वेग. हा फरक पाहून जुने तक्ते निकालात निघाले. सेकंदाला सुमारे १,७०० फूट वेगाने जाणाऱ्या गोळीला हवेचा अडथळा तिच्या स्वतःच्या वजनाच्या तब्बल १२० पट होता. हवा नसती, तर पंचेचाळीस अंशांत झाडलेली ती गोळी सुमारे १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वेग सेकंदाला ११०० ते १२०० फुटांच्या पुढे गेला, की अडथळा एकाएकी वाढतो. हळू वेगावरून बांधलेल्या हिशेबापेक्षा जवळजवळ तिप्पट होतो. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपासचा आहे. स्वनातीत विमाने उडवणाऱ्यांना दोनशे वर्षांनी ज्या भिंतीशी झगडावे लागले, तिची ही पहिली चाहूल होती. १७४५ मध्ये लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने रॉबिन्स यांच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले आणि मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी मोठी टीका त्याला जोडली. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने रॉबिन्स यांना कॉप्ली पदक दिले.

लंबकाची ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर विजेवर चालणारी यंत्रे आली. बेल्जियमचे लष्करी अधिकारी ल बूलांझे यांच्या यंत्रात गोळी पहिली तार तोडताच एक दांडी खाली पडू लागे आणि दुसरी तार तुटताच तिच्यावर खूण उमटे. दांडी किती पडली त्यावरून वेळ कळे. आजचा क्रोनोग्राफही हेच करतो. फक्त तारेच्या जागी प्रकाश आणि दांडीच्या जागी क्वार्ट्झचे घड्याळ आले आहे. समजा दोन प्रकाशसंवेदक ६० सेंटिमीटर अंतरावर आहेत. पहिल्यावरून गोळी गेली की तिची सावली पडते आणि घड्याळ सुरू होते. दुसऱ्यावरून गेली की ते थांबते. सेकंदाला ३३० मीटर वेगाच्या गोळीला हे अंतर कापायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत.

नेमबाजीच्या क्लबांत जाणारी तरुण मुले अलीकडे पालकांसह येऊन कानांविषयी, डोळ्यांविषयी विचारतात आणि ओघात या यंत्राचीही चौकशी करतात. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. सध्या हे यंत्र मुख्यतः तीन प्रकारांत मिळते. प्रकाशसंवेदकांचे यंत्र सर्वांत स्वस्त; पण त्याला उजेड एकसारखा लागतो. ढग सरकले, ऊन तिरपे आले किंवा बंदिस्त रेंजवर काही प्रकारचे दिवे लुकलुकत असले, की आकडा चुकतो किंवा येतच नाही. दुसरा प्रकार बंदुकीच्या नळीलाच बांधायचा. त्याला उजेडाची पर्वा नसते; मात्र नळीवर वजन वाढल्याने गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. त्यामुळे वेग मोजणे आणि नेम जुळवणे ही कामे वेगवेगळी करावी लागतात. तिसरा रडारचा. तो बंदुकीच्या बाजूला ठेवतात, गोळीच्या वाटेत काहीच मांडावे लागत नाही, पण किंमत जास्त आणि त्याचे तोंड लक्ष्याच्या दिशेने नीट लावावे लागते.

यंत्र कोणतेही असो, काही पथ्ये सांभाळावीच लागतात. प्रकाशसंवेदक रायफलच्या तोंडाच्या फार जवळ ठेवले, तर गोळीऐवजी धुराचा आणि वायूचा झोत मोजला जातो. म्हणून मोठ्या रायफलसाठी ते तीन-चार मीटर पुढे ठेवतात. गोळी दोन्ही संवेदकांवरून सरळ आणि सारख्या उंचीने जायला हवी. ६० सेंटिमीटरच्या अंतरात तीन मिलिमीटरची चूक झाली, तरी वेगात अर्ध्या टक्क्याची चूक येते. यंत्र मांडायला पुढे जायचे असेल, तर आधी सर्वांच्या बंदुका रिकाम्या आणि खाली ठेवलेल्या आहेत याची रेंज अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्यायची. आणि एका गोळीवरून निष्कर्ष काढायचा नाही. दहा गोळ्या झाडून सरासरी काढायची आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद गोळीतला फरक पाहायचा. नेमबाजाच्या दृष्टीने सरासरीपेक्षा हा फरक महत्त्वाचा, कारण तो जितका कमी तितक्या गोळ्या लांबच्या लक्ष्यावर एका उंचीला लागतात. ऊन लागून काडतुसे तापली, तर वेग बदलतो. म्हणून आकड्यासोबत तारीख, तापमान आणि काडतुसांचा लॉट लिहून ठेवावा.

हे वाचताना आम्हा डॉक्टरांना रक्तदाब मोजण्याची आठवण होते. पट्टा दंडाच्या मापाचा नसला, रुग्ण जिना चढून धापा टाकत आला असला, मोजताना बोलत असला, तर यंत्र चांगले असूनही आकडा खोटा येतो. एकाच मोजणीवर जन्मभराची गोळी सुरू करणे हे एका बारावरून रायफल पारखण्यासारखे आहे.

रॉबिन्स यांचे निष्कर्ष आजच्या खेळातही पावलोपावली दिसतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ ची छोटी काडतुसे वापरतात आणि स्पर्धेच्या काडतुसांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेला असतो. त्या उंबरठ्यावरची हवेची खळबळ गोळीला डळमळवते, म्हणून तो टाळायचा. एअर रायफलचा छर्रा तर अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर, ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण डोळा कायमचा जायला तो पुरेसा आहे. एअर रायफल हे खेळणे नव्हे.

वेगाचा आकडा डॉक्टरांनाही लागतो, कारण गोळीची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३५० मीटर आणि लष्करी रायफलची ८०० मीटर वेगाने गेली, तर वजन सारखे धरले तरी दुसरीची ऊर्जा पाचपट होते. अशी गोळी शरीरातून जाताना तिच्या वाटेच्या भोवतीचे ऊतक क्षणभर बाजूला ताणले जाते. फुप्फुस आणि स्नायू लवचीक असल्याने बरेचसे सावरतात; यकृत आणि मेंदू सावरत नाहीत. बाहेरची जखम लहान असूनही आतली हानी मोठी असू शकते. थायरॉईडच्या कामासाठी १९०९ चे नोबेल मिळवणारे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी गोळ्यांच्या जखमांवरही असे प्रयोग केले होते. अर्थात वेग एवढेच कारण नसते. गोळी कुठे लागली, आत ती कलंडली की फुटली, यावरही बरेच अवलंबून असते.

पुन्हा रॉबिन्स यांच्याकडे वळू. गोळी हवेने मंदावते हे कळले, पण ती बाजूलाही भरकटते ते का? गुळगुळीत नळीतून जाताना गोल गोळी एका बाजूला घासते आणि स्वतःभोवती फिरू लागते. मग हवा तिला एका बाजूला ढकलते, असा त्यांचा कयास होता. हे पटवण्यासाठी त्यांनी एका बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकवले. गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे लागली. पडद्यांवरच्या भोकांनी तिची सगळी वाट दाखवून दिली. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच वळतो, त्यामागे हेच कारण आहे. शंभर वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी त्याचा अभ्यास केला आणि परिणामाला त्यांचे नाव पडले. हवेचा अडथळा मोजायला रॉबिन्स यांनी एक फिरते यंत्रही बनवले होते: आडव्या दांडीच्या टोकाला वस्तू बसवायची आणि दोरीला टांगलेल्या वजनाने दांडी गरगर फिरवायची. विमानविद्येच्या आरंभकाळात संशोधकांनी याच जातीची यंत्रे वापरली.

गोळी फिरणारच असेल, तर ती जाण्याच्या दिशेच्या आसाभोवती फिरावी, म्हणजे हवेचा धक्का एका बाजूला साचत नाही. नळीत पीळ असलेली बंदूक, म्हणजे रायफल, नेमकी कशी उपयोगी पडते ते त्यांनी १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. जे राष्ट्र या बंदुकीचे मर्म ओळखून आपल्या सैन्याला ती देईल ते इतरांवर मात करील, असे त्यांचे भाकीत होते. ते खरे ठरायला एक शतक लागले. पिळाच्या नळीत घट्ट बसणारी गोळी भरायची तर वंगण हवे. ज्या एन्फिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये आपल्याकडे भडका उडाला, ती याच भाकिताची संतती.

याच सुमारास रॉबिन्स यांच्या हाती वेगळेच काम आले. अ‍ॅडमिरल अ‍ॅन्सन यांनी १७४० ते १७४४ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. तिचा वृत्तान्त १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर नाव जहाजावरील धर्मगुरूचे असले, तरी लेखनाचा मोठा वाटा रॉबिन्स यांचा होता. या सफरीवर गेलेले बहुसंख्य खलाशी परतलेच नाहीत. शत्रूच्या गोळ्यांनी मोजकेच गेले. बाकीचे मुख्यतः स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. हिरड्या सुजणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे, अंगातले त्राण जाणे, हे सारे त्या पुस्तकात आले आहे. जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने संत्री-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखवला आणि १७५३ मध्ये स्कर्व्हीवरचा आपला ग्रंथ अ‍ॅन्सन यांनाच अर्पण केला.

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले होते. तहात ते परत मिळाल्यावर कंपनीला आपले किल्ले नव्याने बांधायचे होते. तिने रॉबिन्स यांना मुख्य अभियंता नेमले. पॅरिसला जाऊन सीमातंट्याच्या वाटाघाटी करण्याचे कामही त्यांच्यापुढे होते. त्यांनी हिंदुस्थान निवडला. १७४९ च्या नाताळात ते निघाले. सोबत खगोल-निरीक्षणाची आणि प्रयोगांची उपकरणे घेतली होती. देवनामपट्टिनमला पोहोचताच त्यांनी फोर्ट सेंट डेव्हिड आणि मद्रास या दोन्ही ठिकाणच्या तटबंदीचे आराखडे हाती घेतले. दोनच महिन्यांत त्यांना तापाने गाठले. त्यातून ते उठले आणि कामाला लागले. पण प्रकृती पुन्हा ढासळत गेली आणि २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, किल्ल्यातच त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते कंपनीसाठी अहवाल लिहीत होते. ते अविवाहित होते. दहा वर्षांनी, १७६१ मध्ये, त्यांचे स्नेही डॉ. जेम्स विल्सन यांनी त्यांचे लेखन दोन खंडांत छापले. पहिला हात देणारे पेम्बर्टन जसे वैद्य, तसेच हे विल्सनही वैद्यच.

त्या किल्ल्यातल्या वैद्यांपुढे तापाचा रुग्ण होता, पण ताप मोजायला हाताशी काही नव्हते. खिशात मावणारा तापमापक आणखी शंभरहून अधिक वर्षांनी आला. हिवतापाचा परजीवी लाव्हराँ यांना १८८० मध्ये दिसला आणि डासाचा हात रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवला. रॉबिन्स यांच्या वैद्यांना अंदाजावरच चालावे लागले. दुसरा इलाज नव्हता.

आपल्याला मात्र तो आहे. पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज असे रुग्ण येतात, ज्यांनी चार-पाच दिवस ताप न मोजता, दुकानातून विचारून आणलेल्या गोळ्या घेतलेल्या असतात. कधी अर्धवट प्रतिजैविक, कधी नुसते वेदनाशामक. डेंग्यूत काही वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हिवतापाचे निदान लांबले तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. घरात तापमापक ठेवा, ताप किती आणि केव्हा आला ते कागदावर लिहा. दोन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासून घ्या. हिवतापाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असेल, तर दोन दिवसही थांबू नका.